शेततळ्यावरच्या बदकांची राखण: मुंगूस, कोल्हा, कुत्रा आणि घारीपासून

‘पाण्यात आहेत, म्हणजे त्यांना कोण धरणार?’ बदकं पाळणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि सर्वांत जास्त बदकं याच समजुतीपायी जातात. हा समज रानबदकांवरून आला आहे. रानबदक पाण्यावर झोपतं आणि चाहूल लागताच उडून जातं. आपली पाळीव जात, मग ती खाकी कॅम्पबेल असो की पांढरी पेकिन, फार तर फडफडत दोन पावलं उंच जाते. मस्कोव्ही ही जात उडते, पण अंगानं भरलेला नर तिच्यातही जडच. शिवाय बदक रात्रभर पाण्यातच राहत नाही. पहाटे काठावर येतं, पंख साफ करतं, मान पाठीवर टाकून डुलकी घेतं. कडेला झोपलेली बदकं बाहेरच्या बाजूचा एक डोळा उघडा ठेवून झोपतात हे खरं आहे, पण कोल्हा दिसल्यावर पळायला त्यांच्याकडे पायही नाहीत आणि पंखही नाहीत.

म्हणून या लेखात मुख्य सांगणं एकच आहे. सूर्य मावळण्याआधी प्रत्येक बदक भक्कम, बंद खुराड्यात गेलं पाहिजे, वर्षातल्या प्रत्येक दिवशी. तळ्याभोवतीचं कुंपण, दिवे, कुत्रा, बुजगावणं ही सगळी दिवसाची आणि जोडीची साधनं. आधी खुराडं बांधा, मग बदकं आणा.

कोण येतं, कधी येतं

आपल्याकडे नुकसान करणाऱ्यांत पहिला क्रमांक भटक्या कुत्र्यांचा. अनेकदा ती भटकीही नसतात, शेजारच्या वाडीतली किंवा आपल्याच घरची असतात. कुत्रा भुकेपोटी कमी आणि पळणाऱ्या पक्ष्यामागे धावण्याच्या ओढीनं जास्त मारतो. सकाळी सात-आठ बदकं इकडेतिकडे मरून पडलेली आणि एकही नीट खाल्लेलं नाही, असं चित्र दिसलं तर ते काम बहुतेक कुत्र्यांचंच.

कोल्हा याच्या उलट. तो एक पक्षी उचलतो आणि निघून जातो. मागे पिसांची एक रेघ उसाच्या फडाकडे किंवा झुडपाकडे गेलेली दिसते. त्याच्या वेळा तिन्हीसांजा, रात्र आणि पहाट. रानमांजरही असंच एकेक नेतं, पण ते काठावरच्या उंच गवतात दबा धरून बसतं.

मुंगूस दिवसा हिंडतं, हे बरेच जण विसरतात. सकाळी खुराड्याचं दार उघडून आपण निवांत झालो की त्याची वेळ सुरू होते. मोठ्या बदकाच्या मानेला आणि डोक्याला ते धरतं, पिल्लं आणि अंडी तर सहज नेतं. घोरपडही दिवसाचीच. ती उत्तम पोहते, अंडी आणि पिल्लं अख्खी गिळते, त्यामुळे मागे काहीच खूण राहत नाही.

रात्री छपरावरून येणारं जनावर म्हणजे उदमांजर. आंबा-फणसाच्या फांदीवरून ते कौलावर उतरतं आणि एक कौल सरकवलं की त्याला पुरेसं होतं. त्याच्या जातीतलं जवादी मांजर जमिनीवरून येतं. अजगर आत शिरला तर पक्षी गिळून तिथेच सुस्त पडतो, कारण आलेल्या भोकातून फुगलेल्या पोटानं बाहेर पडता येत नाही. घुशी आणि उंदीर मोठ्या बदकाला फारसं काही करत नाहीत, पण आठवड्याच्या पिल्लाला बिळात ओढून नेतात.

आकाशातून घार, शिक्रा आणि कावळा येतात, तिघांचाही डोळा पिल्लांवर. रात्री मोठं शृंगी घुबड येतं. पाण्याखालून येणारा शत्रू मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. तळ्यात मरळ किंवा मोठा मांगूर असेल तर पिल्लू पृष्ठभागावरून आवाज न करता नाहीसं होतं. मरळ पाळलेल्या तळ्यात लहान पिल्लं सोडूच नयेत.

प्रदेशानुसार यात भर पडते. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या नद्या-खाड्यांलगत पाणमांजरं आहेत. चिपळूणची वाशिष्ठी आणि सांगलीकडची कृष्णा इथे मगरी आहेत, त्या पात्रात बदकं सोडण्याचा विचारही करू नये. जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तिथे खुराडं घराच्या अंगणाला लागून आणि पक्क्या भिंतींचंच हवं, आणि राखणीसाठी कुत्रा तळ्यावर रात्री बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला बोलावणं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. अंगावर जखम नसताना बदकं मेली, मान लुळी पडली, चालताना झोकांड्या देऊ लागली, तर शिकाऱ्याला दोष देऊ नका. उन्हाळ्यात पाणी आटून त्यात मेलेले मासे किंवा जनावर कुजत असेल तर त्या चिखलातल्या जिवाणूंच्या विषानं बदकांची मान लुळी पडते. अशी अशक्त बदकं मग कुत्र्याच्या तोंडी सापडतात आणि खरं कारण झाकलं जातं. एकदम बरेच पक्षी मेले तर उघड्या हातानं न हाताळता पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. २००६ साली नवापूरला भारतातला बर्ड फ्लूचा पहिला मोठा उद्रेक झाला, तो कोंबड्यांमध्ये होता. बदकं मात्र कधीकधी लक्षणं न दाखवताही हा विषाणू बाळगतात, म्हणून इथे हयगय नको.

खुराडं: पैसा इथे घाला

अंदाजपत्रक तोकडं असेल तर तळ्याचं कुंपण पुढच्या वर्षी करा, खुराड्यात मात्र काटकसर नको. प्रत्येक मोठ्या बदकाला ३ ते ४ चौरस फूट जागा धरा. आपल्या उकाड्यात चारच बरी. २५ बदकांना १० बाय १० फुटांची खोली झाली.

जमिनीपासून निदान दीड फूट भिंत भरीव हवी. कोकणात जांभ्याच्या चिऱ्याची, देशावर विटांची किंवा दगडांची. याचं कारण फक्त मजबुती हे नाही. बदकं भिंतीला टेकून झोपतात. तिथे जाळी असली की रानमांजर किंवा उदमांजर बाहेरूनच पंजा घालून मान ओढतं. सकाळी दार बंद, जाळी शाबूत आणि आत डोकं नसलेलं बदक दिसतं, आणि लोक भुताखेताच्या गोष्टी सांगू लागतात. भरीव भिंतीच्या वर मात्र चांगली मोठी जाळी ठेवा. बदकांची विष्ठा पातळ असते, खोली कोंदट राहिली तर अमोनियाचा वास साठतो आणि डोळे-श्वास बिघडतात.

ही जाळी कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. षटकोनी भोकांची पातळ ‘कोंबडी जाळी’ पक्षी आत ठेवायला ठीक, शिकारी बाहेर ठेवायला निरुपयोगी. कुत्रा ती दातानं फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना जोडलेली चौकोनी भोकांची जाळी घ्या, तार निदान १ मिलिमीटर जाडीची, गॅल्व्हनाइज्ड. समुद्राजवळच्या गावांत खारी हवा जाळी लवकर खाते, म्हणून दर पावसाळ्यानंतर खालच्या कडेला बोटानं दाबून पाहायचं. जाळी नुसत्या खिळ्यांवर टांगू नका. यू-खिळे मारा आणि त्यावर लाकडी पट्टी स्क्रूनं आवळा. धक्का बसला की जाळी आधी कडेलाच सुटते.

खालून उकरून येणाऱ्यांसाठी जाळी जमिनीत उभी पुरावी असं सांगितलं जातं, पण कातळावर आणि जांभ्यात ते जमत नाही. तिथे झालर करा: भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरा, भिंतीकडची कड पक्की बसवा, खुंट्या ठोका, वर दगड रचा. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी मुळाशी उकरायला सुरुवात करतं, तिथे जाळी लागली की दोन फूट मागे जाऊन उकरावं हे त्याला सुचत नाही. आतली जमीन सिमेंटच्या कोब्याची असेल तर उत्तम, म्हणजे घुशींचाही प्रश्न मिटतो. त्यावर भाताचा तूस किंवा पेंढा पसरा आणि ओला झालेला भाग रोज काढा.

छपराकडे सर्वांत कमी लक्ष जातं. मंगलोरी कौलं असतील तर कौलांच्या खाली पूर्ण जाळी ठोका. पन्हाळी पत्रा असेल तर पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये प्रत्येक पन्हाळीखाली एक अर्धगोल फट राहते, ती बुजवा. छपरावर झुकलेल्या फांद्या छाटा. सांडपाणी जायला मोरी ठेवली असेल तर तिच्या तोंडाला जाळी लावा. मुंगसाला चार इंची पाइप म्हणजे राजमार्ग.

दार दोन फूट तरी रुंद असू दे. बदकं एकामागून एक शिस्तीत जात नाहीत, सगळी एकदम घुसतात, आणि चिंचोळ्या दारात एकमेकांचे पाय तुडवतात. त्यांचे पाय नाजूक, म्हणून पायरीऐवजी सौम्य उतार करा. दाराखालची फट अर्ध्या इंचाच्या आत हवी. नुसती कडी लावून भागत नाही, ढकलून-ढकलून ती निसटते. कडी-कोयंडा लावून त्यात खिळा किंवा कुलूप अडकवा. आत मंद उजेडाचा छोटा दिवा ठेवला तर फायदा होतो. अंधारात बाहेर काही खसखसलं की बदकं घाबरून एका कोपऱ्यात ढीग करतात, खालची गुदमरतात. मिणमिणत्या उजेडात हा गोंधळ कमी होतो.

संध्याकाळी आत आणायचं कसं

कोंबडी अंधार पडू लागला की आपसूक खुराड्यात जाते. बदक जात नाही. त्याला कमी उजेडातही दिसतं आणि रात्री चरायला आवडतं. नव्यानं बदकं पाळणारे इथेच हरतात, दोन दिवस प्रयत्न करतात आणि मग ‘राहू देत तळ्यावर’ म्हणतात.

नवी बदकं आणल्यावर पहिले सात-आठ दिवस ती तळ्यावर सोडूच नका. खुराडं आणि त्यापुढचं जाळीचं अंगण एवढ्यातच ठेवा, पिण्याचं पाणी डोकं बुडेल इतक्या खोल भांड्यात द्या. घर कोणतं, हे तेवढ्यात त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यानंतर दिवसाचा मोठा खुराक फक्त संध्याकाळी, खुराड्याच्या दारात द्यायचा. सकाळी पोटभर घातलं तर संध्याकाळी ती तुमच्या हाकेला कशाला येतील? खाणं घालताना रोज तोच आवाज करा, डबा वाजवा किंवा ठरावीक हाक मारा. थोड्याच दिवसांत डबा वाजला की सगळी रांगेनं पाण्याबाहेर येतात.

न येणाऱ्यांसाठी दोन लांब काठ्या घ्या, दोन्ही हात पसरून काठ्यांनी रुंदी वाढवा आणि सावकाश मागून चाला. धावलात की कळप फुटला. केरळात कुट्टनाडकडे भात कापणीनंतर शेतांतून बदकांचे मोठमोठे कळप असेच काठीच्या इशाऱ्यावर फिरवतात, आणि रात्री आवार घालून राखणदार त्यांच्याजवळच झोपतात. शेकडो वर्षांचं पाणी अंगवळणी पडलेली ती माणसंसुद्धा बदकांना रात्री मोकळं सोडत नाहीत.

वेळ घड्याळावर ठरवू नका. जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ही वेळ धरा. आत गेल्यावर मोजा, रोज मोजा. कळप मोठा असेल तर पायात रंगीत कड्या घालून गट करा, म्हणजे कोण राहिलं ते लगेच कळतं. उरलेलं खाणं दारातून झाडून काढा, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

सकाळी घाई करू नका. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी आठ-नऊच्या दरम्यान देतात. नऊला दार उघडलं तर अंडी खुराड्यातच मिळतात, काठावर विखुरलेल्या अंड्यांच्या वासानं मुंगूस आणि घोरपड तळ्याकडे येत नाहीत, आणि पहाटेचा कोल्ह्याचा वेळही टळतो.

तळ्याचा काठ

दिवसाचं संरक्षण म्हणजे मुख्यतः दूरचं दिसणं. काठापासून दहा फुटांपर्यंत उंच गवत, घाणेरी, रानमोडी काढून टाका. सावलीसाठी एक-दोन झाडं राहू द्यात, पण त्यांचा बुंधा मोकळा हवा. दबा धरायला जागा नसली की रानमांजराचं निम्मं बळ जातं.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यांत वेगळाच धोका आहे. त्या गुळगुळीत उतारावरून बदक आत घसरतं, पण वर चढता येत नाही. पाणी खाली गेलेलं असेल तर ते दमून-दमून मरतं, किंवा कसंबसं वर आलेलं थकलेलं बदक कुत्र्याला आयतं सापडतं. काठावरून पाण्याखाली तीन-चार फुटांपर्यंत जाईल अशी काथ्याची जाड चटई किंवा दोराला बांधलेल्या जुन्या टायरांची माळ सोडा, निदान दोन बाजूंना. पाण्याची पातळी उतरेल तशी ती खालपर्यंत पोचते ना, हे उन्हाळ्यात पाहा. अशा तळ्यांत माणसंही बुडतात, म्हणून गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम काठावर ठेवा.

मध्यभागी तराफा बांधावा का? प्लास्टिकचे बंद पिंप आणि बांबू यांचा तराफा दिवसा विसाव्याला फार छान, आणि कुत्रा काठावर आला तर बदकं तिथे जाऊन बसतात. पण तो रात्रीचं घर नव्हे. कुत्रा, घोरपड, पाणमांजर, अजगर हे सगळे पोहतात.

कुंपण घालायचं तर पाच-सहा फूट उंच चेनलिंक, खाली दोन फुटांपर्यंत बारीक जाळी आणि पायथ्याला खुराड्यासारखीच झालर. कोल्हा आणि कुत्रा यांना अडवायला सौर झटका मशीन खरोखर उपयोगी पडतं. एक तार जमिनीपासून सहा इंचांवर, दुसरी फूटभरावर, तिसरी दोन फुटांवर. तारेला गवत टेकलं की झटका मरतो, त्यामुळे पावसाळ्यात दर आठवड्याला गवत कापावं लागतं. प्रमाणित मशीनचाच झटका वापरा. घरची वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यानं दरवर्षी माणसं मरतात. अंधारात पंपाकडे जाणारा आपलाच माणूस त्या तारेवर पडू शकतो.

सेन्सरचे दिवे, चकाकत्या पट्ट्या, रेडिओ यांना जनावरं लवकर सरावतात. दर तीन-चार दिवसांनी जागा बदलली तर थोडे दिवस कामी येतात, इतकंच. कुत्रा राखणीला ठेवायचा तर पिल्लू असल्यापासून बदकांसोबत वाढवलेला. मोठा झालेला नवा कुत्रा कळपाजवळ एकटा सोडू नका.

पिल्लांचं वेगळं

पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत उघड्या तळ्यावर जाऊ नयेत. इनक्युबेटरमधून किंवा कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांच्या अंगाला आईच्या पिसांचं तेल लागलेलं नसतं, ती पाण्यात भिजतात, गारठतात आणि मरतात. सुरुवातीला उबेची पेटी, मग छताला जाळी असलेलं छोटं आवार आणि त्यात उथळ पराती. पिल्लांच्या आवारात खालची दोन फूट जाळी पाव इंची लावा.

घार-कावळ्यांसाठी आवारावर जाळं घालतात. कोकणात बंदरावर जुनी मासेमारीची जाळी स्वस्तात मिळतात, ती चालतात, पण ताणून बांधा. सैल लोंबणारं बारीक नायलॉनचं जाळं फार वाईट. त्यात साप, खंड्या, घुबडं अडकून तडफडून मरतात. मोठ्या तळ्याच्या एका कोपऱ्यावर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) दोन-दोन फुटांवर आडवा ताणून त्याला चमकत्या पट्ट्या बांधल्या तरी घार खाली झेप घ्यायला कचरते.

हल्ला झालाच तर

जनावर जिथून आलं तिथूनच पुन्हा येणार, बहुधा त्याच किंवा दुसऱ्या रात्री. म्हणून त्याच दिवशी उजेडात भोक शोधा. जाळीवर अडकलेले केस, मातीतले पंजे, पिसांची दिशा पाहा. आत माणूस बसवून दार बंद करा आणि कुठून उजेड येतो ते बघायला सांगा, फटी लगेच सापडतात. तात्पुरता पत्रा ठोकला तरी चालेल, पण रात्र पडण्याआधी.

विष घालू नका, फासे लावू नका. मुंगूस, कोल्हा, घोरपड, अजगर, पाणमांजर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विषारी आमिष बदकंही खातात, आणि विष खाऊन मेलेला उंदीर घुबडानं खाल्ला की तेही जातं. आपल्या शेतातले उंदीर फुकटात कमी करणारं तेच तर होतं. एक मुंगूस मारलं तर तिथे दुसरं येतं, कारण भोक तसंच असतं. आत अजगर किंवा नाग दिसला तर दार बंद करून वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा.

जखमी बदक वेगळ्या, शांत, अंधाऱ्या खोक्यात ठेवा. जखम स्वच्छ पाण्यानं धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशा बसू देऊ नका, आपल्या हवेत एका दिवसात जखमेत अळ्या पडतात. खोल चावा असेल तर पशुवैद्याकडे न्याच. जखम सुकेपर्यंत त्याला तळ्यात सोडू नका. बाकीचा कळपही तीन-चार दिवस आवारातच बंद ठेवा, अंडी कमी मिळतील ती मिळू देत. बदकांची भीती जायला आणि जनावरानं रिकाम्या हातानं दोन-तीन फेऱ्या मारून नाद सोडायला तेवढा वेळ लागतो. मग एखाद्या दुपारी, आपण स्वतः काठावर असताना, कळप पुन्हा पाण्यावर सोडा.